फ्रिटिलरी फुलपाखरे : पंखांची नक्षी आणि अळीची साक्ष

पावसाळा ओसरू लागला की शेताच्या बांधावर, एकदांडीच्या आणि घाणेरीच्या फुलांवर नारिंगी रंगाची, काळे ठिपके असलेली फुलपाखरे हिंडताना दिसतात. शेतकरी सहसा त्यांची दखल घेत नाही. परंतु त्याच सुमारास कुंपणावरील एखाद्या वेलीवर काटेरी अळ्यांचा पुंजका दृष्टीस पडला, की तो साशंक होतो. ही अळी उद्या पिकावर उतरेल काय, आजच औषध फवारून टाकावे काय, असे प्रश्न तो गावातील कार्यकर्त्यास विचारतो. या प्रश्नांचे उत्तर अळीच्या भयंकर रूपावरून देता येत नाही, आणि फुलपाखराच्या पंखांवरील नक्षीवरूनही देता येत नाही. त्यासाठी त्या कीटकाचे घराणे ओळखावे लागते. आणि घराणे ओळखण्याची एक भरवशाची खूण म्हणजे त्याची अळी कोणती वनस्पती खाते, ही होय. फ्रिटिलरी या नावाने जगभर ओळखल्या जाणाऱ्या फुलपाखरांचे वर्गीकरण हा या गोष्टीचा उत्तम दाखला आहे.

नाव कसे पडले

लॅटिन भाषेत 'फ्रिटिलस' म्हणजे फासे टाकण्याचा डबा. या शब्दावरून चौकटीचौकटींची नक्षी असलेल्या एका युरोपीय फुलझाडाला फ्रिटिलरी हे नाव मिळाले असे मानले जाते, आणि तशीच नक्षी पंखांवर बाळगणाऱ्या फुलपाखरांनाही पुढे लोक तेच नाव देऊ लागले. अर्थात हे नाव केवळ दिसण्यावरून पडलेले आहे. नारिंगी पंख, त्यांवर काळ्या ठिपक्यांच्या व रेघांच्या ओळी, आणि पुष्कळदा मागील पंखांच्या खालच्या बाजूस रुप्यासारखे चकाकणारे डाग, एवढे दिसले की लोक त्यास फ्रिटिलरी म्हणत. गुरांच्या बाजारात केवळ रंगावरून जनावराची जात ठरवावी, तसाच हा प्रकार होता.

स्वीडनचा निसर्गशास्त्रज्ञ लिनियस याने १७५८ साली प्राण्यांना शास्त्रीय नावे देताना सर्व फुलपाखरे 'पॅपिलिओ' या एकाच प्रजातीत घातली. त्याचा शिष्य फॅब्रिशियस याने १८०७ साली मोठ्या फ्रिटिलरींसाठी 'अर्जिनिस' ही प्रजाती वेगळी केली. पुढे दोनशे वर्षे शास्त्रज्ञ पंखांतील शिरा, पाय, नराचे जननावयव, अंडी, अळी व कोश यांचा अभ्यास करीत राहिले. अलीकडच्या काळात आनुवंशिक द्रव्याच्या तपासणीची त्यात भर पडली. या सर्वांतून जे चित्र तयार झाले, ते मूळच्या नावापेक्षा बरेच वेगळे आहे.

एका नावाखाली तीन घराणी

फ्रिटिलरी म्हणून ओळखल्या गेलेल्या फुलपाखरांत निदान तीन निरनिराळी घराणी एकत्र आलेली होती.

पहिले उदाहरण इंग्लंडमधील 'ड्यूक ऑफ बर्गंडी' या लहान फुलपाखराचे. नारिंगी-काळ्या चौकटींमुळे त्यास कित्येक वर्षे फ्रिटिलरी म्हटले जाई. प्रत्यक्षात ते रिओडिनिडी या वेगळ्याच कुलातील आहे, आणि त्याची अळी प्रिम्युला जातीच्या वनस्पतींची पाने खाते. खऱ्या फ्रिटिलरींशी त्याचे नाते दूरचे आहे.

दुसरे घराणे मेलिटिया व तिच्या जवळच्या प्रजातींचे. यात सुमारे २५० जाती आहेत. त्यांतील काहींना युरोपात आजही फ्रिटिलरीच म्हणतात. ही फुलपाखरे निम्फॅलिडी या मोठ्या कुलातील असली, तरी त्यांचे जवळचे आप्त म्हणजे आपल्याकडे शेतात सर्रास दिसणारी, पंखांवर डोळ्यांसारखे ठिपके असलेली पॅन्सी फुलपाखरे होत. फिनलंडच्या ओलांद बेटांवरील ग्लॅनव्हिल फ्रिटिलरी ही याच घराण्यातील. तिची अळी ज्या वनस्पतींवर वाढते त्यांत प्लँटॅगो ही मुख्य आहे, म्हणजे आपल्या औषधी इसबगोलाची सख्खी बहीण. इल्का हान्स्की या शास्त्रज्ञाने १९९१ पासून या बेटांवरील सुमारे ४,००० लहानमोठ्या कोरड्या गवताळ तुकड्यांवर या फुलपाखराचा मागोवा घेतला. एखाद्या तुकड्यावरील वस्ती नष्ट होते, तर शेजारच्या तुकड्यावरून मादी येऊन ती पुन्हा बसविते. म्हणून तुकडे जवळजवळ असतील तोवर जात टिकते. ते विरळ झाले की एकेक वस्ती विझत जाते, ही महत्त्वाची गोष्ट त्या अभ्यासातून पुढे आली.

तिसरे घराणे खऱ्या फ्रिटिलरींचे. हेही निम्फॅलिडी कुलातीलच. पण त्याचे उपकुल निराळे, हेलिकोनिआयनी या नावाचे. निम्फॅलिडी कुलाची खूण सोपी आहे. या फुलपाखरांच्या पुढील पायांची जोडी आखूड व कुंचल्यासारखी केसाळ असते, त्यामुळे फुलावर बसलेले फुलपाखरू चारच पायांवर उभे आहे असे दिसते.

खऱ्या फ्रिटिलरींचा विस्तार

खऱ्या फ्रिटिलरींच्या सुमारे शंभर जाती आहेत. थंड व समशीतोष्ण प्रदेश हे त्यांचे मुख्य माहेर होय. युरोप, उत्तर आशिया, हिमालय व उत्तर अमेरिका यांत त्या विपुल आहेत. दक्षिण अमेरिकेच्या अँडीज पर्वतावर आणि आफ्रिकेच्या उंच डोंगरांवरही काही जाती पोहोचल्या आहेत.

यांतील 'बोलोरिया' प्रजातीची फुलपाखरे लहान चणीची असून ध्रुवाजवळच्या बर्फाळ प्रदेशापर्यंत जातात. तेथील उन्हाळा इतका तोकडा असतो, की काही जातींना अंड्यापासून फुलपाखरू होण्यास दोन वर्षे लागतात. मोठ्या फ्रिटिलरींपैकी उत्तर अमेरिकेतील जातींना १८७२ पासून 'स्पेयेरिया' हे नाव आहे. त्यांच्या जाती सोळाच्या आसपास. पण दरीगणिक व डोंगरागणिक रंग बदलत असल्याने त्यांच्या शंभराहून अधिक उपजातींना नावे दिली गेली आहेत. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक अभ्यासाने मोठ्या फ्रिटिलरींची अर्जिनिस, फॅब्रिशियाना व स्पेयेरिया अशा तीन प्रजातींत मांडणी सुचविली. त्यात युरोपातील 'डार्क ग्रीन' फ्रिटिलरी ही आपल्या युरोपीय शेजारणींपेक्षा समुद्रापलीकडील अमेरिकन जातींच्या अधिक जवळची ठरली. शेजारी राहणारे सर्वच भाऊबंद नसतात, हे येथेही खरे ठरते.

खाद्यवनस्पतीची साक्ष

खऱ्या फ्रिटिलरींपैकी बहुतेकींच्या अळ्या व्हायोला या एकाच प्रजातीच्या वनस्पतींवर वाढतात. वैद्याच्या दुकानात मिळणारा बनफशा आणि शहरातील बागांत हिवाळ्यात लावतात ती पॅन्सीची फुलझाडे ही या प्रजातीतीलच. काही लहान जाती याला अपवाद आहेत. परंतु घराण्याचा मुख्य कल व्हायोलाकडेच आहे.

हेलिकोनिआयनी उपकुलातील इतर गटांकडे पाहिले म्हणजे ही आवड योगायोगाची नव्हे, हे ध्यानात येते. अमेरिकेतील हेलिकोनियस गटाच्या अळ्या कृष्णकमळाच्या वेलींवर वाढतात. तेथील गल्फ फ्रिटिलरी ही याच गटातील असून पॅशन फ्रूटच्या वेलीची ती कीड मानली जाते. अमेरिकेतच व्हेरिगेटेड फ्रिटिलरी नावाचे एक फुलपाखरू आहे; त्याची अळी व्हायोला, कृष्णकमळ आणि जवस ही तिन्ही खाते. आपल्याकडील कॉमन लेपर्ड या फुलपाखराची अळी तांबट आणि नदीकाठचा वाळुंज या झाडांवर वाढते. टॉनी कॉस्टर या दुसऱ्या फुलपाखराची अळी रानटी कृष्णकमळावर आणि रतनपुरुष या लहानशा वनस्पतीवर राहते.

बनफशा, कृष्णकमळ, तांबट, वाळुंज, जवस आणि रतनपुरुष यांत वरवर पाहता काहीच साम्य नाही. कोणी वेल आहे, कोणी झाड, तर कोणी वीतभर उंचीचे रोप. परंतु वनस्पतिशास्त्रज्ञ आज या सर्वांना माल्पिघिएलीज या एकाच गणात घालतात, आणि रतनपुरुष तर थेट व्हायोलाच्याच कुलातील आहे. माणसाला प्रयोगशाळेत तपासणी करून जे नाते समजले, ते अळीच्या जिभेस आधीपासून ठाऊक होते, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

हाच न्याय वर्गीकरणातही दिसून आला. बिंगहॅम याने १९०५ साली हिंदुस्थानातील फुलपाखरांवर लिहिलेल्या ग्रंथात टॉनी कॉस्टरसाठी स्वतंत्र उपकुल ठेवले होते, आणि कॉमन लेपर्ड दुसऱ्या उपकुलात होते. आज दोघेही फ्रिटिलरींसह एकाच हेलिकोनिआयनी उपकुलात आहेत. टॉनी कॉस्टरचे एक जुने शास्त्रीय नाव 'व्हायोली' असे होते. त्या नावातही व्हायोला आहेच.

अर्थात प्रत्येक नियमास अपवाद असतो. टॉनी कॉस्टरच्याच प्रजातीतील अक्रिया असेराटा हे पूर्व आफ्रिकेतील फुलपाखरू रताळ्याच्या वेलीवर वाढते, आणि युगांडा व इथिओपिया या देशांत ती रताळ्याची मोठी कीड आहे. म्हणून घराणे ओळखल्यावरही अळी प्रत्यक्षात काय खाते, हे डोळ्यांनी पाहणे आवश्यकच ठरते.

अन्नाआधीचा उपवास

या फुलपाखरांची जीवनयात्रा त्यांच्या खाद्यवनस्पतीशी किती घट्ट बांधलेली आहे, हे युरोपातील सिल्व्हर-वॉश्ड फ्रिटिलरीवरून दिसते. तिची मादी अंडी व्हायोलावर घालीत नाही. जंगलात जमिनीवर व्हायोला कोठे आहे हे ती हेरते आणि जवळच्या ओक वृक्षाच्या बुंध्यावर, सालीच्या भेगांत अंडी घालते. अळी बाहेर आल्यावर अंड्याचे कवच खाते आणि तशीच त्या भेगेत सबंध हिवाळा काढते. वसंत ऋतू आल्यावर ती बुंध्यावरून खाली उतरून व्हायोलाची कोवळी पाने शोधते. अमेरिकेच्या गवताळ प्रदेशातील रीगल फ्रिटिलरीची मादी दोन हजारांहून अधिक अंडी घालू शकते. कारण तिची नवजात अळी काहीही न खाता हिवाळा काढते आणि वसंतात फारच थोड्या अळ्यांना व्हायोला सापडते. जमिनीवरचे ते लहानसे रोप नाहीसे झाले, तर हजार अंडीही व्यर्थ जातात.

एका जातीची दोन दैवे

इंडियन फ्रिटिलरी ही खऱ्या फ्रिटिलरींपैकी उष्ण प्रदेशात सर्वांत दूरवर पसरलेली जात होय. हिमालयाच्या रांगांत ती आहे, तशीच ती दक्षिणेस निलगिरी व पळणीच्या उंच डोंगरांवरही आहे. हिचा नर इतर फ्रिटिलरींसारखाच दिसतो. मादीच्या पुढील पंखांची टोके मात्र काळी असून त्यांवर पांढरा पट्टा असतो. त्यामुळे ती रुईवर वाढणाऱ्या प्लेन टायगर या फुलपाखरासारखी भासते. प्लेन टायगर बेचव व विषारी असल्याने पक्षी त्यास टाळतात, आणि त्याच्या सोंगाचा लाभ फ्रिटिलरीच्या मादीस मिळतो. महाराष्ट्रात घोळीवर वाढणाऱ्या डॅनेड एगफ्लाय या फुलपाखराची मादीही हेच सोंग घेते. तिघींचे रूप सारखे, परंतु घराणी तीन निरनिराळी. पंखांवर विसंबणाऱ्याची फसगत होते ती अशी.

हीच इंडियन फ्रिटिलरी जपानपासून ऑस्ट्रेलियापर्यंत पसरलेली आहे. जपानमध्ये १९८० च्या दशकापर्यंत ती मुख्यतः देशाच्या पश्चिम व नैर्ऋत्य भागात होती. पुढे हवामान उबदार होत गेले, आणि शहरोशहरी बागांत व रस्त्यांच्या कडेला पॅन्सीची लागवड वाढली. अळीला अन्न मिळाले, हिवाळा सौम्य झाला, आणि एकविसाव्या शतकाच्या आरंभी ती टोकिओच्या परिसरात नित्याची झाली.

ऑस्ट्रेलियात याच्या उलट घडले. तेथील उपजात पूर्व किनाऱ्यालगतच्या ओलसर, दलदलीच्या जागांत वाढणाऱ्या एका रानटी व्हायोलावर अवलंबून होती. त्या जागा शेती व वसाहतींसाठी वळविल्या गेल्या, उरलेल्या ठिकाणी परदेशी गवते व झुडपे माजली. २००१ सालची नोंद ही त्या उपजातीची शेवटची खात्रीलायक नोंद मानली जाते. ती नामशेष झाली असावी, अशी भीती शास्त्रज्ञ व्यक्त करतात. आश्चर्य असे, की त्याच ऑस्ट्रेलियात २०१२ साली आपले टॉनी कॉस्टर प्रथमच आढळले. मूळचे भारत व श्रीलंका येथील हे फुलपाखरू पूर्वेकडे पसरत २००६ साली सिंगापूरला पोहोचले होते, आणि पुढे ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागात रतनपुरुषावर वाढू लागले. व्हायोलाच्या कुलातील एक वनस्पती गेली तेथे एक फुलपाखरू गेले. त्याच कुलातील दुसरी वनस्पती टिकली तेथे दुसऱ्याने बस्तान बसविले.

शेती बदलली की फुलपाखरू बदलते

माणसाचा हात लागला की निसर्गाची हानीच होते, असा सरसकट निष्कर्ष मात्र यातून काढू नये. इंग्लंडमध्ये पूर्वी जंगलाचे लहान तुकडे पाळीपाळीने बुंध्याशी तोडून, उसाच्या खोडव्याप्रमाणे त्यांचे फुटवे पुन्हा वाढविण्याची पद्धत होती. तोड झालेल्या तुकड्यात जमिनीवर ऊन पडे, व्हायोला फोफावे आणि तेथे फ्रिटिलरी येत. मेलिटिया घराण्यातील हीथ फ्रिटिलरीला तर, लाकूडतोड्याच्या मागोमाग जाणारे फुलपाखरू असेच म्हणत. विसाव्या शतकात ही पद्धत मागे पडली, जंगलात सावली दाट झाली, आणि कित्येक फ्रिटिलरींची संख्या झपाट्याने घटली. आज तेथे काही राखीव जंगलांत मुद्दाम अशी तोड करून त्यांना जगविले जात आहे.

अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात फोर्ट इंडियनटाऊन गॅप हे लष्करी सरावाचे मैदान आहे. देशाच्या पूर्व भागात इतरत्र नाहीशा झालेल्या रीगल फ्रिटिलरीची वस्ती तेथे टिकून राहिली. जड गाड्यांची वर्दळ व अधूनमधून लागणाऱ्या आगी यांमुळे तेथील माळ झाडाझुडपांनी भरून गेला नाही, आणि गवतातील व्हायोला शिल्लक राहिली. जमीन कशी वापरली जाते, यावर तिच्यावरील जीवांचे भवितव्य ठरते, हेच या दोन्ही उदाहरणांवरून दिसते.

आपल्या शेतात

महाराष्ट्रातील शेतकऱ्याच्या नित्य पाहण्यात येणारे या उपकुलातील दोन प्रतिनिधी म्हणजे कॉमन लेपर्ड व टॉनी कॉस्टर. त्यांची ओळख पुढीलप्रमाणे पटविता येते.

कॉमन लेपर्ड चपळ असते. फुलावर बसले तरी पंख सारखे हलवीत राहते. त्याची मादी तांबटाच्या कोवळ्या पानांवर एकेक अंडे सुटे घालते. अळी सडपातळ असून तिच्या अंगावर फांद्या फुटलेले काळे काटे असतात. कोश हिरवट असून त्यावर रुपेरी ठिपके असतात. शेतातील मुख्य पिकांशी या अळीचा संबंध नाही.

टॉनी कॉस्टर संथपणे, जमिनीलगत उडते. त्याचे पंख अरुंद व लांबट असतात. ते हाती धरल्यास अंगातून पिवळा, घाण रस सोडते, म्हणून पक्षी त्याच्या वाटेस जात नाहीत. त्याची मादी पानावर पिवळी अंडी पुंजक्याने घालते, आणि तांबूस, काटेरी अळ्या लहानपणी एकत्र राहून पाने खातात. कुंपणावरील रानवेलीवर दिसणाऱ्या अळ्यांचा पुंजका बहुधा यांचाच असतो. रानटी कृष्णकमळावर त्या असतील, तर काहीच करण्याचे कारण नाही. पॅशन फ्रूटची बाग असल्यास मात्र लक्ष ठेवावे. अंड्यांचे पुंजके व लहान अळ्या असलेली पाने वेळीच तोडून नष्ट केल्यास परसातील किंवा लहान बागेतील काम भागते.

या दोन्ही अळ्यांचे काटे टोचून माणसास विषबाधा होत नाही. २०२२ च्या पावसाळ्यात राज्याच्या अनेक भागांत घोणस अळीची भीती पसरली होती. ती अळी एका पतंगाची असून तिच्या काट्यांचा दाह खरोखर होतो. तिचे शरीर आखूड, चपटे व गोगलगाईसारखे सरकणारे असते. फुलपाखराची लांबट काटेरी अळी व घोणस अळी यांतील हा फरक ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यांस प्रत्यक्ष दाखवावा, म्हणजे दिसेल त्या काटेरी अळीवर औषध उडविण्याची घाई होणार नाही. तथापि, अनोळखी काटेरी अळीला उघड्या हाताने स्पर्श न करणे केव्हाही हिताचे.

ओळखीचे चार प्रश्न

अनोळखी अळी दिसली असता पुढील क्रमाने विचार करावा.

१. अळी कोणत्या वनस्पतीवर आहे? ती वनस्पती पीक आहे, तण आहे की रानझाड?
२. ती पाने प्रत्यक्ष खात आहे, की केवळ तेथे बसलेली किंवा वाट चुकून आलेली आहे?
३. अळ्या एकेकट्या आहेत की पुंजक्याने? जवळपास अंडी किंवा कोश आहेत काय?
४. हेच अन्न देणारी वनस्पती शेजारच्या पिकात आहे काय?

या प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावर अळी खाद्यवनस्पतीसह काचेच्या बरणीत ठेवून, तोंडास पातळ कापड बांधून पाळावी. रोज ताजी पाने द्यावीत. थोड्याच दिवसांत कोश होऊन त्यातून फुलपाखरू किंवा पतंग बाहेर येईल, आणि मग ओळखीबद्दल संशय उरणार नाही. शाळेतील मुलांकडून हा प्रयोग करून घेतल्यास गावाला आपल्या शिवारातील कीटकांची माहिती सहज होईल.

रतनपुरुष हे बांधावरचे वीतभर रोप आहे. पावसाळ्यात त्याला एकच मोठी पाकळी असलेले गुलाबी फूल येते. पिकाच्या ओळींतील तण काढणे शेतकऱ्याचे कर्तव्यच आहे. परंतु बांधावरील प्रत्येक हिरवी काडी तणनाशकाने जाळून टाकण्यात त्याचा लाभ नाही. बांधावरील फुलांवर परागीभवन करणाऱ्या मधमाश्या आणि किडींवर जगणारे उपयुक्त कीटकही आश्रयास असतात. फवारणीपूर्वी बांधावर वाकून पान उलटून पाहण्यास अर्धा तास पुरतो. त्या अर्ध्या तासाने औषधाचा खर्च वाचतो, आणि रतनपुरुषावर अंडी घालण्यास येणारे फुलपाखरू पुढील पावसाळ्यातही त्याच बांधावर येते.